टू डझन बॉक्सेस की टू-डझन बॉक्सेस? इंग्रजी जोडविशेषणांमधली आडवी रेघ

कातळसडा (धागाकर्ती)

माझं माहेर देवगड तालुक्यातलं. भावाची हापूसची बाग आहे. हंगामात परराज्यातल्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायचं काम गेली सहा-सात वर्षं माझ्याकडे आहे. एरवी मी पुण्यात भाषांतरं करते, त्यामुळे दोन्ही भाषांत दिवसभर वावर असतो. तरीही जे घडलं ते घडलं.

दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूच्या एका सोसायटीतून मेल आला. आदल्या वर्षी त्यांनी साठ घरांसाठी डझनाडझनाचे साठ बॉक्स नेले होते. या वेळी एवढंच लिहिलं होतं : ‘लाइक लास्ट इयर, बट धिस टाइम ओन्ली टू डझन बॉक्सेस प्लीज.’ मी वाचलं, गेल्या वर्षीसारखेच, पण या वेळी फक्त चोवीस बॉक्स. वाईट वाटलं, ऑर्डर निम्म्याहून खाली आली म्हणून. भावाला तसं कळवलं. त्याने पेंढा घालून डझनाचे चोवीस बॉक्स भरले, गाडीत चढवले आणि उरलेला माल वाशीला पाठवून दिला.

त्यांना हवे होते दोन-दोन डझनाचे साठ बॉक्स. म्हणजे १,४४० फळं, आणि पोचली २८८. साठ घरची माणसं पिशव्या घेऊन खाली उतरलेली. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा ते चिडलेले नव्हते, पण पुन्हापुन्हा एकच म्हणत होते, आम्ही तर स्पष्ट लिहिलं होतं. मी एक फोन करून विचारायला हवं होतं, ही चूक माझीच.

मी भावाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “असं होय! दोन डझनी खोकी म्हणायची होती त्यांना.”

त्या वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘दोन डझन खोकी’ आणि ‘दोन डझनी खोकी’. आपल्याकडे एका वेलांटीने काम होतं. इंग्रजीला ती वेलांटी नाही. तिच्याकडे त्या जागी हायफन आहे. ‘टू डझन बॉक्सेस’ म्हणजे चोवीस बॉक्स आणि ‘टू-डझन बॉक्सेस’ म्हणजे दोन डझनी बॉक्स. मधली रेघ सांगते की ‘टू’ हा बॉक्सचा आकडा नाही, तो आधी डझनाला चिकटलाय आणि मग दोघं मिळून बॉक्सला.

तेव्हापासून मला हे नियम इंग्रजीच्या पुस्तकातून आठवावे लागत नाहीत. हायफन म्हणजे समास, एवढं धरून चालते. शाळेत आपण विग्रह करायचो ना : जगात प्रसिद्ध ते जगप्रसिद्ध, करापासून मुक्त ते करमुक्त, नराला भक्षण करणारा तो नरभक्षक. विग्रहात प्रत्यय दिसतो, समासात तो गळतो आणि शब्द एकमेकांना चिकटतात. इंग्रजीत तंतोतंत हेच चालतं. ‘फेमस इन द वर्ल्ड’ मध्ये ‘इन’ आहे, म्हणून सगळे शब्द सुटे. तो ‘इन’ गळला की ‘वर्ल्ड-फेमस’. ‘फ्री फ्रॉम टॅक्स’ सुटं, ‘टॅक्स-फ्री’ जोडलेलं. वाघ माणसं खातो ते ‘मॅन-ईटिंग टायगर’. रेघ काढा आणि ‘मॅन ईटिंग टायगर’ वाचा, माणूसच वाघ खात बसलेला दिसेल. माझा सगळ्यात आवडता शब्द ‘टाइम-कन्झ्युमिंग’. त्याला आपल्याकडे नेमका ‘वेळखाऊ’ आहे, घडणसुद्धा तीच.

तुम्ही हे कसं लक्षात ठेवता? आणि कुठे अडता? मनापासून जाणून घ्यायचंय.

खडूफळा

कातळसडा, तुमचा धागा वाचून आज वर्गात काय सांगायचं ते ठरलं! मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडे सगळ्यात चिवट चूक म्हणजे ‘फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय’. मुलांच्या मनात ‘पाच वर्षांचा मुलगा’ असतं. ‘वर्षांचा’मधलं अनेकवचन ती इमानदारीने ‘इयर्स’मध्ये उतरवतात. त्यांचा तर्क चुकीचा नाही, म्हणून नुसतं लाल पेनाने गोल करून भागत नाही.

मी फळ्यावर ‘दुमजली घर’ लिहिते. विचारते, मजले किती? दोन. मग ‘दुमजले घर’ का नाही म्हणत? मुलं हसतात. मग ‘चौपदरी रस्ता’, ‘दोनशेपानी वही’, ‘सहाफुटी भिंत’ अशी रांग लावते. दोनशे पानं असूनही ‘पानी’. मग ‘टू-हंड्रेड-पेज नोटबुक’, ‘सिक्स-फुट वॉल’, ‘फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’. समासात गेलेला शब्द अनेकवचनाचं ओझं बाहेर ठेवून जातो, असं मी त्यांना सांगते. इतिहासाच्या पुस्तकातली पंचवार्षिक योजना तर आयतीच हाताशी असते. १९५१ला सुरू झालेली ती ‘फर्स्ट फाइव्ह-इयर प्लॅन’. पुस्तकात कुठे ‘फाइव्ह-इयर्स’ सापडतंय का, शोधून आणा म्हणते.

आणि ‘ही इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ मात्र सुटं आणि अनेकवचनी. तो पाच वर्षांचा आहे. तिथे समास झालेलाच नाही.

दुसरी अडचण ‘ब्लू-आइड’, ‘लेफ्ट-हँडेड’, ‘काइंड-हार्टेड’ची. मुलं विचारतात, बाई, ‘आय’ हे क्रियापद नाही, मग त्याला भूतकाळाचा ‘ईडी’ कसा लागला? फार चांगला प्रश्न आहे हा. तो भूतकाळ नाहीच, ‘असलेला’ या अर्थाचा प्रत्यय आहे. ज्याचे डोळे निळे आहेत तो. ज्याचा कंठ निळा तो नीळकंठ, ज्याला दहा तोंडं तो दशानन. थेट बहुव्रीही. ‘लेफ्ट-हँडेड’साठी मी ‘डावखुरा’ देते आणि मुलं ते कधी विसरत नाहीत.

मोडीप्रेमी

खडूफळाताई, बहुव्रीहीवरून सांगावंसं वाटतं. इंग्रजी भाषाशास्त्राच्या पुस्तकांतसुद्धा या समासांना बहुव्रीही, तत्पुरुष, द्वंद्व हीच नावं आहेत. संस्कृत व्याकरण पश्चिमेकडे पोचलं आणि तिथल्या अभ्यासकांनी या संज्ञा तशाच उचलल्या, कारण इतकी नेमकी नावं त्यांच्याकडे नव्हती. ‘बहुव्रीहि’ हा शब्द स्वतःच त्या समासाचा नमुना आहे : ज्याच्याकडे पुष्कळ भात आहे असा तो. कातळसडांच्या मुलखात हे उदाहरण सांगायला बरं.

माझा छंद मोडी कागद वाचण्याचा. जुन्या मोडी पत्रात वरची रेघ आधी सलग ओढलेली असते आणि तिच्याखाली अक्षरं एकामागून एक. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. एकेका ओळीपाशी मी अर्धा-अर्धा तास बसलो आहे. चुकीच्या जागी तोडलं की दोन वेगळेच शब्द हाती येतात आणि पुढच्या सगळ्या ओळीचा अर्थ फिरतो. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांना दिलं जातं. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका १८५०ची. तुमचा बेंगळुरूचा मेल वाचताना मला मोडीच आठवली. लिहिणाऱ्याने जोड दाखवली नाही की तोडण्याचं काम वाचणाऱ्यावर येतं, आणि तो आपल्या समजुतीने तोडतो.

सडेतोड

धागा आवडला, पण थोडा विरोध नोंदवतो. हायफन हे मरत चाललेलं चिन्ह आहे. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची सहावी आवृत्ती आली, तिच्यात सुमारे १६,००० शब्दांतले हायफन काढून टाकले. न्यूयॉर्क टाइम्स स्वतःच्या नावात १८९६ पर्यंत ‘न्यू’ आणि ‘यॉर्क’मध्ये रेघ घालत असे, तीही गेली. लोक फोनवर टाइप करतात, रेघेसाठी दुसरा कीबोर्ड उघडावा लागतो, कोण उघडणार? मुलांवर हे लादून काय मिळणार? संदर्भाने अर्थ कळतोच की.

कातळसडा

सडेतोड, तुमचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या १६,००० शब्दांमध्ये बराच भरणा नामांचा होता. ‘फिग लीफ’, ‘पॉट बेली’, ‘आइस क्रीम’ यांचे दोन सुटे शब्द केले. ‘बंबलबी’, ‘लीपफ्रॉग’, ‘क्रायबेबी’ हे एकत्र जोडले. म्हणजे रेघ गेली तरी तोडायचं की जोडायचं हा निर्णय प्रत्येक शब्दापुरता घ्यावाच लागला. आणि नामाला हे परवडतं. ‘आइस क्रीम’ एकदा सगळ्यांच्या तोंडी बसलं की ते सुटं लिहा नाहीतर जोडून, कोणी फसत नाही. मी बोलतेय ती विशेषणं त्या-त्या वाक्यापुरती तयार होतात. ‘टू-डझन’ हा शब्द कुठल्याच कोशात नाही. तो त्या मेलपुरता जन्मला होता. कोशातून आधार मिळत नाही, तिथे रेघ हाच एक आधार.

संदर्भाचं म्हणाल, तर माझ्याकडे संदर्भ होता. आदल्या वर्षीची ऑर्डर समोर होती. पण त्याच संदर्भाने मला उलट्या दिशेला नेलं. ‘ओन्ली’ हा शब्द वाचला आणि ऑर्डर घटली असं मनाने धरलं. कॉम्प्युटरने तांबडी रेघ मारली नाही, कारण दोन्ही रूपं शुद्ध इंग्रजीच आहेत. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटते.

नेकारकाठ

मी गेली नऊ वर्षं जर्मनीत आहे, त्यामुळे एक भर. इथे ‘पाच वर्षांचं मूल’ म्हणजे ‘फ्युन्फयेरिगेस किंड’. पाच आणि वर्ष एकत्र, शेवटी विशेषणाचा प्रत्यय, सगळा एकच शब्द. हुबेहूब आपलं ‘पंचवर्षीय’. जर्मन आणि मराठी दोघी समास झाला की सरळ चिकटवून मोकळ्या होतात. इंग्रजी बिचारी मध्येच उभी आहे. तिला चिकटवायला संकोच वाटतो आणि तोडलं तर अर्थ जातो, म्हणून हात धरून ठेवते.

इंग्रजीत आकड्यानंतर ‘फुट’, ‘इयर’ एकवचनी का, याचं एक कारण मला इथल्या भाषाशास्त्राच्या वर्गात कळलं. जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी षष्ठीचं अनेकवचन येई, ‘सहा फुटांची’ असं. त्याचा शेवटचा ‘आ’ काळाच्या ओघात झिजून गेला आणि उरलेलं रूप एकवचनासारखं दिसायला लागलं. म्हणजे ‘वर्षांचा’ मनात धरणारे खडूफळाताईंचे विद्यार्थी नकळत हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीसारखाच विचार करताहेत!

निशिगंध

मी एका कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते. मला रोज अडवणारी गोष्ट म्हणजे ‘एलवाय’ने संपणारे शब्द. ‘हायली पेड एम्प्लॉयी’, ‘न्यूली बिल्ट ब्रिज’ यांत हायफन घातला की आमचे संपादक काढून टाकतात. पण ‘वेल-नोन ऑथर’मध्ये ठेवतात. ‘हायली’ आणि ‘वेल’ दोन्ही क्रियाविशेषणंच ना? कारण विचारलं तर नियम आहे म्हणतात.

कातळसडा

निशिगंध, इथे विग्रहाची युक्ती फार सुंदर चालते. ‘हायली’मधला ‘ली’ हा प्रत्यय आहे आणि तो गळलेला नाही. तो उघडउघड सांगतोय की मी पुढच्या शब्दाला लागतो, नामाला नाही. प्रत्यय जागेवर असेल तर समास होत नाही. ‘जगात प्रसिद्ध’ आपण जोडून लिहितो का? नाही, कारण ‘त’ शाबूत आहे. ‘वेल’ला असा कुठला प्रत्यय नाही, म्हणून त्याला रेघेचा आधार लागतो.

खडूफळा

फक्त ‘एलवाय’ दिसला की रेघ खोडायची असं करू नका हं. ‘फॅमिली-रन हॉटेल’मध्ये शेवटी तीच अक्षरं आहेत, पण ‘फॅमिली’तला ‘ली’ प्रत्यय नाही, शब्दाचाच भाग आहे. कुटुंबाने चालवलेलं ते कुटुंबचालित, म्हणजे समास झालाच, रेघ हवी. ‘फ्रेंडली-लुकिंग डॉग’लाही रेघ हवी. तिथे ‘ली’ प्रत्यय आहे खरा, पण ‘फ्रेंडली’ हे क्रियाविशेषण नाही, विशेषण आहे.

मधली_सुट्टी

‘टू- अँड थ्री-व्हीलर्स’ असं सरकारी कागदात पाहिलं. ‘टू’च्या पुढे रेघ आणि मग काहीच नाही. छापायची चूक समजून मी ती खोडली होती. चूक होती का?

निशिगंध

नाही, बरोबर होतं ते. ‘टू’ची रेघ पुढच्या ‘व्हीलर्स’साठी हात पुढे करून थांबलेली असते. आपण ‘तीन वा चारपदरी रस्ता’ म्हणतो तेव्हा ‘पदरी’ हे ‘तीन’लाही लागतं, पण लिहितो एकदाच. मराठीत ते लटकणं दिसत नाही, इंग्रजीत रेघेने दिसतं. खोडलेली रेघ परत घाला.

सडेतोड

आता माझी खरी शंका. तुमची समासाची किल्ली सगळ्या कुलपांना लागते का? हे बघा : ‘वी नीड मोर एक्सपीरियन्स्ड टीचर्स.’ अनुभवी शिक्षकांची संख्या वाढवायची आहे की आहेत त्यांच्याहून जास्त अनुभवी हवेत? मराठीत करून पाहिलं : ‘आम्हाला अधिक अनुभवी शिक्षक हवेत.’ तोच घोळ. इथे ना वेलांटी मदतीला येते ना समास.

दुसरं, ‘वेल-नोन ऑथर’मध्ये रेघ आणि ‘द ऑथर इज वेल नोन’मध्ये नाही. तुमच्या हिशेबाने समास दोन्हीकडे आहे. ‘तो जगप्रसिद्ध आहे’ हे आपण तोडून लिहीत नाही.

कातळसडा

दोन्ही ठिकाणी तुमचं बरोबर आहे, आणि मी रात्री बराच वेळ यावर घालवला.

‘मोर एक्सपीरियन्स्ड’ला समासाची किल्ली लागत नाही. तिथे इंग्रजी आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे आहे. ‘मोर-एक्सपीरियन्स्ड टीचर्स’ असं रेघेने लिहून ती ‘जास्त अनुभव असलेले’ एवढाच अर्थ पक्का करू शकते. मराठीत मी ‘आणखी अनुभवी शिक्षक’ लिहून पाहिलं, तेही दोन्हीकडे झुकतं. शेवटी वाक्यच बदलावं लागतं : ‘अनुभवी शिक्षकांची संख्या वाढवायला हवी’ किंवा ‘यांच्याहून जास्त अनुभव असलेले शिक्षक हवेत’. भाषांतर करताना मी यापुढे ‘अधिक’ दिसलं की थांबणार आहे.

नामानंतरची रेघ का जाते, याचं कारण समासात नाही, वाचणाऱ्याच्या सोयीत आहे. ‘वेल’ आणि ‘नोन’ नामाच्या आधी आले तर वाचणारा पुढच्या नामाकडे धावत असतो, वाटेत कोण कोणाला लागतंय हे कळायला हवं. नाम आधीच येऊन गेलं असेल तर चिकटायला पुढे कोणी नाही, गोंधळ नाही, रेघेची गरज नाही. तरी ‘टाइम-कन्झ्युमिंग’सारखे मुरलेले शब्द पुष्कळ जण नामानंतरही जोडूनच ठेवतात, आणि मीही ठेवते.

मोडीप्रेमी

सडेतोड यांच्यामुळे धाग्याला धार आली. एक विनंती मराठीसाठीही करतो. हल्ली पाट्यांवर ‘दुग्ध जन्य पदार्थ’, ‘जग प्रसिद्ध भेळ’, ‘कर मुक्त’ असं तोडून लिहिलेलं दिसतं. इंग्रजीत रेघ कुठे घालायची यावर आपण इतका जीव टाकतोय, तर आपल्या समासाचे तुकडे करू नयेत. ‘जग प्रसिद्ध भेळ’ वाचलं की मला वाईट वाटतं. भेळ चांगली असते, शब्द उगाच दुखावतो.

मधली_सुट्टी

बरोबर वेळी धागा सापडला. माझ्या नोकरीच्या अर्जात ‘टेन इयर्स एक्सपीरियन्स’ लिहिलंय. उद्या सकाळी पाठवायचाय. ‘टेन-इयर’ करू का?

कातळसडा

नको. विग्रह करून बघा. ‘दहा वर्षांचा अनुभव’, यात ‘चा’ हजर आहे, म्हणजे षष्ठी, समास नाही. इंग्रजीत त्या ‘चा’ची जागा ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्याशी येणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, घेते, आणि अनेकवचन असल्यामुळे ती ‘इयर्स’च्या ‘एस’नंतर येते. हायफन मुळीच नाही. ‘टेन-इयर’ लागेल ते ‘टेन-इयर काँट्रॅक्ट’ला, दहावर्षीय कराराला. अर्जात अजून कुठे आकडा आणि नाम शेजारी आहे का? असेल तर इथे टाका, मी जागी आहे.

मधली_सुट्टी

आहे एक. ‘हँडल्ड थ्री फिफ्टी मेंबर टीम्स.’ पन्नास-पन्नास माणसांच्या तीन टीम सांभाळल्या मी.

कातळसडा

बरं झालं विचारलंत. आत्ता ते साडेतीनशे माणसांच्या टीम असं वाचलं जाईल. ‘थ्री’ सुटा ठेवा आणि पुढे ‘फिफ्टी-मेंबर टीम्स’ रेघेने जोडा. आकड्यात लिहिलंत तर आणखी स्वच्छ : अक्षरात ‘थ्री’ आणि अंकात ‘५०-मेंबर’.

मधली_सुट्टी

केलं. ॲपॉस्ट्रॉफीही घातली. पाठवतेय.